लॅश एक्स्टेन्शनचा योग्य प्रकार कसा निवडावा : कोकणातील मैत्रिणींकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीत पापण्यांचे काम करताना माझ्यासमोर बहुतेक जणी मोबाइलवरचा फोटो घेऊन येतात आणि ‘हुबेहूब असेच हवे’ असे सांगतात. फोटोतील डोळा, त्यावरचे मूळ केस आणि ज्या हवेत ते काम झाले ती हवा, यांपैकी काहीच आपले नसते. आपल्या केसांना किती भार पेलतो आणि आपला दिवस कसा जातो, यावरून प्रकार ठरवावा असे माझे ठाम मत आहे, आणि पुढील उत्तरे त्याच दृष्टीने लिहिली आहेत. मराठीत ‘पापणी’ हा शब्द डोळ्यावरच्या कातडीसाठीही वापरतात आणि तिच्या कडेच्या केसांसाठीही. येथे मात्र ‘पापणी’ म्हणजे कातडी असे समजावे आणि केसांचा उल्लेख जिथे आहे तिथे तो स्पष्ट केला आहे.

लॅश एक्स्टेन्शन आणि पट्टीच्या नकली पापण्या यांत फरक काय?

पट्टीच्या पापण्या बारीक पट्टीवर बसवलेल्या असतात. त्या कातडीवर चिकटवतात आणि झोपण्यापूर्वी काढून ठेवतात. एक्स्टेन्शनमध्ये कातडीला काहीही चिकटू द्यायचे नसते. आपला एकच नैसर्गिक केस चिमट्याने शेजारच्या केसांपासून वेगळा करून, मुळापासून अर्धा ते एक मिलिमीटर जागा सोडून, त्यावर कृत्रिम केस चिकटवला जातो. वरच्या पापणीला साधारणपणे ९० ते १५० केस असतात, त्यामुळे दोन्ही डोळ्यांच्या कामाला दीड ते तीन तास लागणे स्वाभाविक आहे. अर्ध्या तासात सगळे करून मिळेल असे कोणी सांगितले, तर तिथे बहुधा तयार झुपके लावले जातात आणि एका झुपक्याखाली आपले तीन-चार केस एकत्र चिकटतात, जे टाळायला हवे.

क्लासिक, हायब्रिड आणि व्हॉल्यूम या प्रकारांतून निवड कशी करावी?

क्लासिक प्रकारात एका नैसर्गिक केसावर एकच कृत्रिम केस बसतो. ज्यांचे स्वतःचे केस पुरेसे दाट आहेत, पण आखूड, सरळ किंवा टोकाकडे फिकट आहेत, त्यांना हा प्रकार शोभतो. मस्कारा लावल्यासारखा दिसतो आणि शाळेत, बँकेत किंवा तहसील कचेरीत कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. व्हॉल्यूम प्रकारात अतिशय बारीक अशा दोन ते सहा केसांचा छोटा पंखा करून तो एका नैसर्गिक केसावर बसवतात. विरळ केसांमधील मोकळ्या जागा त्याने भरल्यासारख्या दिसतात. हायब्रिडमध्ये हे दोन्ही मिसळलेले असतात, आणि मेगा व्हॉल्यूममध्ये पंख्यातील केसांची संख्या आणखी वाढवतात. मेगा व्हॉल्यूम रोजच्या वापरासाठी मी कोणालाही सुचवत नाही, कारण त्यात चूक झाली तर ती सगळ्या केसांवर एकदम होते.

माझे केस बारीक आणि विरळ आहेत. व्हॉल्यूमचा भार त्यांना सोसेल का?

हा गैरसमज इतका पसरलेला आहे की त्याचा हिशेब मांडणे आवश्यक वाटते. केसाचे वजन त्याच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. क्लासिकसाठी बहुधा ०.१५ मिलिमीटर जाडीचा केस वापरतात आणि व्हॉल्यूमसाठी ०.०३ ते ०.०७ मिलिमीटरचा. ०.१५ चा वर्ग ०.०२२५ होतो, ०.०७ चा वर्ग ०.००४९, म्हणजे त्याचे तीन केस मिळून ०.०१४७. याचा अर्थ, लांबी सारखी असेल तर ०.०७ च्या तीन केसांचा पंखा हा ०.१५ च्या एकट्या केसापेक्षा हलका असतो. त्यामुळे ‘व्हॉल्यूम जड आणि क्लासिक हलके’ असे सरसकट म्हणता येत नाही. जाडी किती आणि केस किती, हे दोन्ही आकडे एकत्र पाहावे लागतात.

बाळंतपणानंतर, दीर्घ आजारानंतर किंवा वाढत्या वयामुळे ज्यांचे केस नाजूक झाले आहेत, त्यांना मी ०.०५ किंवा ०.०७ चे दोन-तीन केसांचे पंखे सुचवते, तेही आखूड. याउलट ०.२० मिलिमीटरचा केस ०.१५ च्या केसापेक्षा जवळपास पावणेदोनपट जड असतो. तो ठसठशीत दिसतो म्हणून लोकप्रिय आहे, पण अतिशय भक्कम केस असलेल्या मोजक्या जणींनाच तो पेलतो.

लांबी किती असावी?

वरच्या पापणीचे आपले केस साधारण ८ ते १२ मिलिमीटर लांब असतात. एक्स्टेन्शन त्याहून दोन, फार तर तीन मिलिमीटर अधिक लांब असावे. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात केस मुळातच आखूड असतात, म्हणून तिथे ७ किंवा ८ मिलिमीटरपासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला लांबी वाढवत नेतात. सगळीकडे एकच लांबी लावलेला डोळा झाडूसारखा दिसतो, हे एकदा लक्षात आले की चांगले काम लगेच ओळखू येते.

जे, बी, सी, डी, एल अशी अक्षरे असतात. त्यांचा अर्थ काय, आणि डोळ्याच्या ठेवणीप्रमाणे काय घ्यावे?

ही अक्षरे केसाच्या वळणाची आहेत. जे जवळजवळ सरळ असते, बी त्याहून थोडे वळलेले, सी मध्यम, डी चांगलेच उंच उठलेले. सीसी हे सी आणि डी यांच्या मधले. एल आणि एम यांचा बुडखा सपाट असून पुढे ते एकदम वर वळतात.

खोल डोळ्यांवर भुवईच्या हाडाची सावली पडते, तिथे डी किंवा सीसीने केस पुढे येतात आणि डोळा उघडा दिसतो. पुढे आलेल्या, मोठ्या डोळ्यांना मात्र डी लावले की डोळे वटारल्यासारखे वाटतात. त्यांना बी किंवा सी आणि कमी लांबी पुरते. ज्यांच्या वरच्या पापणीची घडी डोळ्यावर उतरलेली असते, त्यांचे केस बहुधा सरळ किंवा खाली झुकलेले असतात, आणि तिथे एल किंवा एम घडीच्या खालून बाहेर येऊन मग वर उठते. चाळिशीनंतर अनेकींच्या पापण्या थोड्या उतरतात. त्यांच्यासाठी हे वळण फार उपयोगी आहे, तरी फोटोत ते विचित्र दिसते म्हणून बहुतेक जणी ते नाकारतात.

बाहेरचा कोपरा खाली उतरलेला असेल, तर तिथेच सर्वांत लांब केस लावणे ही ठरलेली चूक आहे, कारण त्याने डोळा आणखी उतरलेला आणि थकलेला दिसतो. अशा डोळ्यांवर सर्वांत जास्त लांबी भुवईच्या कमानीखाली, म्हणजे मध्याच्या किंचित पुढे ठेवावी आणि कोपऱ्यात ती पुन्हा कमी करावी. गोल डोळे लांबट दिसावेत असे वाटत असेल, किंवा दोन डोळे एकमेकांच्या फार जवळ असतील, तर मात्र बाहेरच्या बाजूची वाढती लांबी शोभते.

‘मिंक’ आणि ‘सिल्क’ म्हणजे खरोखर प्राण्याचे केस आणि रेशीम असते का?

सर्वसाधारणपणे नसते. बाजारात या नावांनी मिळणारे बहुतेक केस पीबीटी नावाच्या कृत्रिम धाग्याचे असतात. नावावरून फक्त चमक आणि मऊपणा सुचवला जातो. ज्या शाकाहारी मैत्रिणींना याची काळजी वाटते, त्यांनी पाकिटावर ‘कृत्रिम धागा’ असा उल्लेख आहे की नाही, हे पाहून घ्यावे.

कोकणातील दमट हवेत एक्स्टेन्शन टिकते का?

टिकते, पण त्यासाठी काम करणाऱ्या व्यक्तीला हवेचे भान असावे लागते. एक्स्टेन्शनचा ग्लू सायनोॲक्रिलेट जातीचा असतो आणि तो नुसता सुकून चिकटत नाही. हवेतील बाष्पाशी संयोग होऊन तो घट्ट होतो. ग्लूच्या बहुतेक उत्पादकांच्या सूचनांनुसार खोलीतील आर्द्रता सुमारे ४५ ते ६० टक्के आणि तापमान २० ते २४ अंश सेल्सिअस असावे लागते. आपल्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि जून ते सप्टेंबर या काळात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. अशा हवेत ग्लूचा थेंब नैसर्गिक केसाला नीट लपेटण्याआधीच वरून घट्ट होतो. तो जोड ठिसूळ असतो, कधी त्यावर पांढुरकी साय आल्यासारखी दिसते, आणि आठवड्याच्या आत केस गळू लागतात. ग्राहकाला वाटते की आपल्या डोळ्यांना हे मानवत नाही. दोष खरे तर खोलीतील हवेचा असतो.

सुरुवातीच्या एका जुलै महिन्यात माझ्याकडून हेच झाले. मुंबईत शिकलेली पद्धत आणि तिथला जलद ग्लू मी जसाच्या तसा वापरला, आणि त्या महिन्यातील जवळपास प्रत्येक काम मला पुन्हा करून द्यावे लागले. तेव्हापासून खोलीत आर्द्रतामापक ठेवते, काम सुरू करण्याच्या तासभर आधी एसी ड्राय मोडवर लावते, पावसाळ्यात थोडा सावकाश घट्ट होणारा ग्लू वापरते आणि दर पंधरा मिनिटांनी ताजा थेंब घेते. ग्लूची उघडलेली बाटली सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या हवाबंद डब्यात राहते आणि महिना-दीड महिन्यात, उरलेली असली तरी, टाकून दिली जाते.

आणखी एक अडचण विजेची आहे. पावसात वीज तासन् तास जाते, घरगुती इन्व्हर्टरवर एसी चालत नाही, आणि अर्धे काम झाल्यावर खोली घामेजते. अशा वेळी काम थांबवून दुसऱ्या दिवशी बोलावणारी व्यक्ती आपल्या हिताचेच करत असते, म्हणून तिच्यावर रागावू नये. पावसाळ्यात पहिल्यांदाच लावणार असाल, तर क्लासिक किंवा हलके हायब्रिड घ्यावे. व्हॉल्यूमच्या पंख्याचा बुडखा नीट लपेटण्यासाठी ग्लूला जो निवांतपणा लागतो, तो या दिवसांत कमी मिळतो.

मे महिन्यात माझे लग्न आहे. नवरीने कोणता प्रकार घ्यावा आणि किती दिवस आधी?

पहिल्यांदाच लावणार असाल, तर लग्नाच्या दोन आठवडे आधी पॅच टेस्ट (म्हणजे दोन-चार केसच लावून ॲलर्जी येते का ते पाहणे) आणि तीन-चार दिवस आधी प्रत्यक्ष काम, असा क्रम ठेवावा. आदल्या दिवशी लावू नये. ॲलर्जीची सूज अनेकदा एक-दोन दिवसांनी येते.

हळदीचा विचार आधी करावा. आपल्याकडे हळद तेलात कालवून लावतात आणि करवल्यांचा उत्साह कपाळापाशी थांबत नाही. तेलाने ग्लूचा जोड सैल होतो, तेव्हा डोळ्यांभोवतीची जागा सोडायला त्यांना सांगून ठेवावे. मुंडावळ्यांच्या मोत्यांच्या सरी कानशिलावरून खाली येतात आणि मान वळवली की डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला घासतात. तिथे १४ मिलिमीटरचे केस असतील, तर ते सरीत अडकून ओढले जातात. म्हणून नवरीच्या बाहेरच्या कोपऱ्यात मी लांबी मुद्दाम एक-दोन मिलिमीटर कमी ठेवते. होमाच्या धुराने आणि पाठवणीच्या वेळी डोळ्यांत पाणी येणारच. त्याने एक्स्टेन्शनचे बिघडत नाही, फक्त रुमालाने चोळू नये, मऊ कागद हलकेच टेकवावा.

प्रकार म्हणाल तर हायब्रिड बहुतेकींना शोभते. लग्नाचा एकच दिवस डोळे दाट दिसावेत आणि पुढे देखभाल नको असेल, तर मेकअप करणाऱ्या ताईंकडून पट्टीच्या पापण्या लावून घेणेच शहाणपणाचे आहे, हे मी माझे काम जात असूनही सांगते.

मुंबईत लावलेले एक्स्टेन्शन गणपतीला गावी आल्यावर रिफिल करून मिळते का?

रिफिल म्हणजे गळलेल्या एक्स्टेन्शनच्या जागी नवे भरणे. ते मिळू शकते, पण निम्म्याहून अधिक केस शिल्लक असतील आणि जुने काम स्वच्छ असेल तरच. मुंबईच्या ताईंकडून वळण, जाडी आणि लांबी यांचे आकडे लिहून आणावेत. आधीचे केस एकमेकांना चिकटलेले आढळले, तर त्यावर रिफिल न करता सगळे काढून नव्याने करावे लागते. चतुर्थीच्या आठवड्यात कणकवली-कुडाळपासून चिपळूणपर्यंत सगळीकडे पार्लरमध्ये गर्दी असते, त्यामुळे निघण्यापूर्वी मुंबईतच रिफिल करून येणे अधिक सोयीचे पडते.

समुद्रात पोहता येते का? चुलीवर स्वयंपाक?

पहिले २४ तास पाणी, वाफ आणि घाम यांपासून जपावे. त्यानंतर मालवण-तारकर्लीला पाण्यात उतरायला हरकत नाही, परंतु बाहेर आल्यावर लगेच गोड्या पाण्याने डोळे धुवावेत. मीठ केसांच्या बुडाशी सुकले की खाज येते, खाज आली की हात जातो, आणि नुकसान त्या हाताने होते. स्नॉर्केलिंगचा मुखवटा काढताना तो समोरून उचलावा, डोळ्यांवरून घासत वर नेऊ नये.

चुलीबाबत अधिक सावध राहावे. कृत्रिम धागा उष्णतेने आक्रसतो. फुंकणीने निखारे फुलवताना चेहरा जाळाजवळ गेला किंवा शिमग्याच्या होळीजवळ फार पुढे उभे राहिले, तर टोके वळून खरखरीत होतात आणि ती पुन्हा सरळ होत नाहीत.

काजळ आणि खोबरेल तेल चालते का?

एक्स्टेन्शन असताना तेलकट काजळ डोळ्याच्या कडेला भरू नये. ते केसांच्या मुळाशी साचते आणि धुताना निघत नाही. डोक्याला खोबरेल तेल जरूर लावावे, पण रात्री चोपडून झोपल्यास ते कपाळावरून आणि उशीच्या अभ्र्यावरून पापण्यांपर्यंत येते. तेल सकाळी लावून न्हाऊन घ्यावे आणि न्हाताना डोके मागे कलते ठेवावे.

चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर?

चष्म्याच्या काचेला केस टेकत असतील, तर दिवसभर ते खाली दाबले जातात, म्हणून कामाला येताना चष्मा सोबत आणावा आणि त्यानुसार कमी लांबी आणि सी वळण घ्यावे. लेन्स काम सुरू होण्यापूर्वी काढून ठेवाव्यात.

पॅच टेस्ट खरोखर आवश्यक आहे का?

होय. दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या बाजूला दोन-चार केस लावून २४ ते ४८ तास थांबावे. काम झाल्यावर काही तास डोळे लालसर राहणे ही ग्लूच्या वाफेची जळजळ असते आणि ती आपोआप जाते. ॲलर्जी वेगळी: पापण्या सुजतात, सतत खाज सुटते आणि त्रास दिवसागणिक वाढतो. ती अनेक महिने काहीही न होता अचानकही सुरू होऊ शकते. अशा वेळी एक्स्टेन्शन काढून घ्यावे आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे. ‘सेन्सिटिव्ह’ ग्लू वापरून पाहू नये, कारण तोही बहुधा सायनोॲक्रिलेटच असतो.

कोणी एक्स्टेन्शन लावूच नये?

डोळे आलेले असताना, रांजणवाडी असताना, पापण्यांच्या कडेला कोंडा किंवा सूज असताना, मोतीबिंदूची किंवा चष्म्याचा नंबर घालवण्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असताना, तसेच केमोथेरपी चालू असताना लावू नये. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ पसरली होती. अशा दिवसांत घरात कोणाचे डोळे आले असतील, तर आपण ठरलेली वेळ पुढे ढकलावी. ज्यांना पापण्यांचे केस उपटण्याची सवय आहे, त्यांनीही थांबावे.

रिफिल किती दिवसांनी करावे? केस गळणे म्हणजे काम वाईट झाले का?

दर दोन ते तीन आठवड्यांनी. आपले केस वाढतात, थांबतात आणि गळतात. रोज दोन-चार केस जाणे स्वाभाविक आहे आणि ते जाताना एक्स्टेन्शन सोबत घेऊन जातात. गळलेल्या एक्स्टेन्शनला आपला केस चिकटलेला दिसला, तर ती नैसर्गिक गळती समजावी. नुसतेच एक्स्टेन्शन निघून येत असेल, तर जोड सुटला आहे आणि त्याबद्दल काम करणाऱ्या व्यक्तीला विचारावे.

धुतल्याने केस लवकर निघतात असे ऐकले आहे. खरे आहे का?

खरे नाही, आणि या समजुतीमुळे होणारे नुकसान मी सर्वाधिक पाहिले आहे. न धुतल्याने मुळाशी घाम, तेल आणि मृत त्वचा साचते, त्यातून पापण्यांच्या कडेला दाह होतो, आणि आपल्या घामट हवेत तो लवकर होतो. पहिल्या दिवसानंतर रोज, तेलविरहित फेसाने आणि मऊ ब्रशने मुळांपाशी हलकेच स्वच्छ करावे, स्वच्छ पाण्याने धुवावे आणि वाळल्यावर विंचरावे.

एक्स्टेन्शन नको असेल तर दुसरा पर्याय कोणता?

लॅश लिफ्टमध्ये आपलेच केस औषधाने वर वळवतात आणि ते वळण सहा ते आठ आठवडे राहते. केस पुरेसे लांब पण सरळ असतील, तर पावसाळ्यासाठी मला हाच पर्याय अधिक पसंत आहे. घरी लावायचे तयार झुपके पंधरवडाभर ठेवणे मात्र धोक्याचे आहे. केस वाढवणाऱ्या सीरमबाबत बायमॅटोप्रोस्ट हे नाव लक्षात ठेवावे. ते मुळात काचबिंदूचे औषध आहे, त्याने केस खरोखर वाढतात, पण पापणीची कातडी काळवंडू शकते आणि बुबुळाचा रंगही बदलू शकतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये.

काढायचे असल्यास घरी काढता येते का?

ओढून, तेल चोळून किंवा नखाने खरवडून काढू नये. सारखे ओढल्याने मूळ दुखावते आणि तिथे केस येणे कायमचे थांबू शकते. पार्लरमध्ये जेल किंवा क्रीमच्या स्वरूपातील रिमूव्हर काही मिनिटे ठेवून जोड सैल करतात, आणि वीस-पंचवीस मिनिटांत सगळे निघते. लावणाऱ्या ताई दूर असतील, तर जवळच्या कोणत्याही प्रशिक्षित व्यक्तीकडे केवळ काढून घेण्यासाठी जाता येते. काढल्यानंतर केस विरळ वाटले, तर दोन-तीन महिने काहीही न लावता थांबावे. तेवढ्या काळात गळलेल्या बहुतेक केसांच्या जागी नवे केस येतात, आणि पुढचा प्रकार त्या नव्या केसांची जाडी पाहूनच ठरवावा.